क-चा खण

बुरुल आपाच्या घरात पुस्तकांचं कपाट नाही.
चहाच्या रिकाम्या पेट्या आहेत, त्यांत उभी कार्डं,
प्रत्येक कार्डावर एक म्हातारा शब्द
आणि खाली त्याच्या पोराबाळांचे पत्ते.
कोण याकूतांकडे गेलं, कोण तुर्कांकडे,
कोण वाटेतच वारलं.

बाहेर तालासच्या खोऱ्यात उणे अठरा.
शेणाच्या गोवऱ्यांनी अजून नीट पेट घेतलेला नाही.
तिचा विद्यार्थी एर्मेक हातमोजे न काढताच
कार्डं पुढे सरकवतो.

‘याश,’ ती म्हणते,
‘म्हणजे ओलं, हिरवं, नुकतं फुटलेलं.
आमच्या तोंडी य-चा ज झाला.’
(योग्याचा जोगी होतो, तसाच.)
‘आता म्हणतो जाश.
तरुण माणूस, तो जाश. झालेलं वय, तेही जाश.
आणि डोळ्यातलं पाणी.’

‘मूळ एकच, की तीन?’ एर्मेक विचारतो.
‘भांडतात त्यावर.
पासष्टी उलटल्यावर मी भांडायचं सोडलं.’

मग कनात. म्हणजे पंख.
तंबूची जाळीदार भिंत, तिचा प्रत्येक भाग कनातच:
सहा पंखांचं घर, आठ पंखांचं घर.
उन्हाळा सरला की घर पंख मिटतं
आणि उंटाच्या पाठीवर जाऊन बसतं.

(हा शब्द कधीतरी माझ्या भाषेतही आला,
छावणीभोवती उभा राहिला, मग लग्नाच्या मांडवाला बांधला गेला.
उडायचं विसरला.)

त्याच खणात, जरा मागे, ती थांबते.
केर्गेक.

इथून फार पूर्वेला, ओर्खोन नदीकडच्या जुन्या दगडांवर
राजे सहसा मरत नाहीत.
उडून जातात.
नाहीतर केर्गेक होतात.

‘आणि केर्गेक म्हणजे आपलं केरेक?’
‘तेच. ग गळला वाटेत.’
‘दुकानात म्हणतो ते? मीठ केरेक, पैसे केरेक?’
‘तेच.’

मी वहीत मराठी लिहायला घेते:
राजा हवा झाला.
पेन तिथंच अडतं.
हवा झाला. दोन्ही अर्थांनी.
एवढं नेमकं मला साधलेलं नाही,
माझ्या भाषेनं परस्पर करून टाकलंय.

‘कोणी म्हणतं तो एक पक्षी आहे,’ आपा सांगते,
‘कोणी म्हणतं अटळ ते घडलं, एवढाच अर्थ.
त्यांचंही लिहून ठेवलंय. बघ, मागच्या कार्डावर.’

मागचं कार्ड तिच्या अक्षरातलं नाही.

जापार ट्रक चालवायचा.
तिला खिंडी ओलांडून दगडांपाशी न्यायचा,
ओला कागद दगडावर धरायचा,
ती ब्रशनं तो थोपटत राही, अक्षरं वर येईपर्यंत;
वारा सुटला की हा कोटाची बटणं काढून
दोन्ही हात पसरून उभा.
लिपी त्याला एकदाही वाचता आली नाही.
‘तुझे राजे आज बोलले का?’ एवढंच विचारी,
आणि इंजिन सुरू करी.

कार्डावर शिसपेन्सिलीनं, तिरकं:
मीठ केरेक.
फॅनबेल्ट केरेक.
बुरुलला नवा चष्मा केरेक, सांगायचं नाही.

एर्मेक ते उलटसुलट करून बघतो.
‘आपा, ही यादी आहे. चुकून आलीय इथं.
काढू?’

ती चुलीकडे वळते, गोवरी मोडते,
बराच वेळ फुंकत बसते.

‘राहू दे,’ म्हणते. ‘दाखला आहे तो.
साल घाल फक्त. एकोणीसशे एक्याऐंशी.’

एर्मेक साल घालतो.
कार्ड परत उभं करतो, पक्ष्याच्या आणि अटळाच्या मध्ये.
पेटी आता इतकी भरलीय
की झाकण बसत नाही.